पेंढ्याचं वासरू

९ जानेवारी, शुक्रवार
बुदैयाच्या बागेत, आखातातल्या या हिरव्या तुकड्यावर. गाईचं वासरू गेलं. पहाटे जन्मलं, दुपारपर्यंत उठलंच नाही. आम्ही पाच जण वह्या-कॅमेरे घेऊन गोठ्याभोवती उभे. जमीन, जनावरं आणि माणसं यांच्या नात्यावर काम करणारा आमचा कलावंतांचा गट म्हणे! आणि समोर खरंच काही घडलं तर एकालाही काय करावं ते सुचेना.
बाग सांभाळणारे इक्बालचाचा, मुलतानचे. त्यांनी मेलेलं वासरू उचलण्याआधी गाईपुढे ठेवलं. ती चाटत राहिली. नूरा म्हणाली, लवकर न्या ना, बघवत नाही. (बाग तिच्या वडिलांची, गटही तिचाच.) चाचा म्हणाले, "देख लेने दो, बीबी. नहीं देखेगी तो ढूँढती रहेगी."
मी नूराच्या गाडीत जाऊन बसले. घरी मंदारला काही सांगितलं नाही.

१० जाने., शनि.
गाय पान्हा चोरते. हात लावला की लाथ. कास दगडासारखी झालीय. असंच राहिलं तर कास जाईल, मग नूराचे वडील तिला ठेवायचे नाहीत. खलास. चाचांच्या गावी अशा वेळी वासराच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे उभं करतात. आमच्या सांगोल्याकडेही करायचे, मावशीच्या गोठ्यात पाहिलंय मी. पण गटात बोंबाबोंब. कातडं? शी, क्रूर! शेवटी नूराचा हुकूम: शलाका, तुझा हात शिवणाचा, तू कापडाचं कर.
कास दगडासारखी म्हणजे काय ते मला विचारा. जूनमध्ये बाळ गेलेलंच जन्मलं, आणि तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. असं येतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग ते आटायच्या गोळ्या.

१२ जाने., सोम.
हॉलभर कापड, कात्र्या, पेंढा. मं. ऑफिसातून आला, दारातच थबकला.
"हे काय?"
"वासरू."
"बरं." बूट काढले, आत गेला. टीव्ही मोठा केला.
याचं हे असंच. मी हॉस्पिटलमधून यायच्या आत पाळणा, झबली, दुपटी, सगळं कुणाला तरी देऊन टाकलं. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, पुण्याहून फोन होता: तिला काही दिसू देऊ नकोस, बाळाचा चेहराही दाखवू नकोस, जीव अडकतो. मी गुंगीत. यानं पाहिलं तिला. पुरलंही यानंच, ऑफिसातले दोघे बरोबर होते. माझी मुलगी कशी दिसायची हे ज्याला विचारावं असं माणूस एकच, ते शेजारी झोपतं, आणि हूं की चूं करत नाही. मीही विचारत नाही म्हणा. विचारलं आणि तो म्हणाला, आठवत नाही, तर?

१६ जाने., शुक्र.
कापडाचं वासरू सपशेल आपटलं. काय ते रेशमाचे डोळे भरले होते मी! गाईनं एकदा हुंगलं आणि मान फिरवली. चाचा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मीठ लावून ठेवलेलं कातडं आणलं गुपचूप. मी माझ्याच वासरावर ते चढवून शिवलं. जाड सुई, अंगठा फुटला, वास केसांत बसलाय, दोनदा न्हाले तरी जात नाही. वरून गुळाचं पाणी लावलं.
हुंगलं तिनं. मग चाटायला लागली. बादलीत धार वाजली तशी सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी हुंदके देऊन रडले.
नूरा म्हणाली, बिचारी फसली म्हणून रडतेस ना? नाही गं बाई. फसली कुठे? तिनं मेलेलं पाहिलंय, चाटलंय, तिला सगळं ठाऊक असणार. मला हेवा वाटला तिचा. गाईचा हेवा! कुणाला सांगू हे?

२२ जाने., गुरु.
नूराचा फोन. गटाच्या प्रदर्शनात वासरू हवं, काचेच्या पेटीत, महिनाभर.
"आणि दूध?"
"इंशाल्ला, तोवर तिला सवय होईल."
डोकंच सणकलं. नाही म्हणजे नाही, म्हटलं, तिच्यापुढून कुणी काही उचलून न्यायचं नाही. न विचारता तर नाहीच. नूरा हळूच म्हणाली, "शलाका, तू गाईबद्दलच बोलतेयस ना?"
फोन ठेवला मी.

३० जाने., शुक्र.
वासरू गोठ्यातच राहणार, प्रदर्शनात नुसते फोटो. नूरानं ऐकलं, पण धुसफुसतेय. न्यायला आली नाही. म्हणून मं.नं सोडलं. फाटकापर्यंतच येतो म्हणाला, आणि आला आतपर्यंत. धार काढणं चालू होतं. गाय चाटतेय, चाचांचे हात चाललेत. हा खिशात हात घालून उभा.
"हिला कळत नाही?"
"कळतं. तिला बघू दिलं होतं."
एवढंच बोलले मी. टोमणाच होता, कशाला खोटं बोलू.
परतताना सिग्नलला म्हणाला, "केस होते."
"काय?"
"तिला. खूप होते. काळेभोर. कपाळावर आलेले." गाडी कडेला घेतली. "आई म्हणाली म्हणून नाही गं. मलाच वाटलं, तू पाहिलंस तर..." स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. मी पहिल्यांदा पाहिलं त्याला रडताना.
जवळ घ्यावं की थोबाडीत द्यावी! जूनपासून माझ्या मुलीला केस होते आणि मला माहीत नाही. पाठीवर हात ठेवला शेवटी. राग मात्र गेलेला नाही, लिहून ठेवते.

१ फेब्रुवारी, रवि.
अर्ध्या दिवसाची लीव्ह टाकलीय त्यानं (इथे रविवार कामाचा). मला घेऊन जाणार आहे तिथे, जिथे ठेवलंय तिला. आईंना कळवलेलं नाही. चहा घेताना सांगत होता, दगड नाही, नाव नाही, काही नाही. डाव्या हाताच्या भिंतीलगत कुठेतरी. ऊन फार होतं त्या दिवशी, त्याला धड दिसतही नव्हतं.
"सापडेल ना रे?" विचारलं.
चावी उचलली त्यानं.
"बहुतेक," म्हणाला.