मनाई न केलेलं दूध

बाबा, परवा तुमचे एक जुने विद्यार्थी घरी आले होते. आता तेही म्हातारे झालेत. तासभर बसून ते तुमच्या दयाळूपणाबद्दल बोलत होते. मास्तरांनी मुक्या जनावरासाठी दूधतूप सोडलं, नागपूरच्या मे महिन्यात कापडी जोडे घालून शाळेत आले, पण चामडं पायाला लावलं नाही, असं सगळं. सगळं खरंच होतं. मी मान डोलवत होते आणि आतून चिडत होते. ते गेल्यावर कपबशा इतक्या जोरात घासल्या की एका कपाचा कान तुटला. म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही कामठी रस्त्यावरच्या एका गोठ्यावरून आलात तो दिवस मला आठवतो. मी नऊ वर्षांची. तुम्ही टोपी काढली नाहीत, जेवायला बसला नाहीत. मग सांगितलंत, की मेलेल्या वासराच्या कातड्यात कुटार-भुसा भरून ते गाईपुढे उभं केलं होतं, गाय ते चाटत होती आणि माणूस खाली बसून दूध काढत होता. मी रडले. तुमचेही डोळे भरले होते. ते दुःख खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. खोटं असतं तर मला फार सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून तुम्ही दूध, दही, तूप बंद केलंत आणि मीही तुमच्या मागोमाग केलं. आई पुरणपोळीवर तिळाचं तेल घालायला शिकली.

पण हळूहळू त्या दुःखाचं काहीतरी दुसरंच झालं. तुम्ही कोणाला बोलत नव्हता, नुसते बघायचात. लग्नाच्या पंगतीत वाढपी तूप घेऊन आला की तुम्ही पानावर हात आडवा धरायचात आणि शेजारच्याच्या पानाकडे बघायचात. त्या माणसाचा घास तोंडातच फिरायचा. मामांनी आमच्याकडे जेवायला येणं त्यामुळेच सोडलं. मागच्या गल्लीतली गवळीण गाय व्याल्यावर वाटीभर खरवस घेऊन आली, तेव्हा मी दारातच होते. तुम्ही अगदी मऊ आवाजात म्हणालात, "बाई, हे वासराच्या तोंडचं आहे."

ती म्हणाली, "वासरू पोटभर पेलं, गुरुजी. उरलं थेच आणलं."

"उरलं हे आपण ठरवतो."

"तुमचं म्हननं असन खरं," ती म्हणाली, "पन मी काई चोरी करून नाई आली." वाटी पदराखाली झाकून ती परत गेली. तुम्ही आत येऊन वर्तमानपत्र उघडलंत. तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं, बाबा. मी पाहिलं. आणि तेव्हा मला ते फार आवडलं होतं, कारण आपण गल्लीतल्या सगळ्यांपेक्षा चांगले आहोत असं मला वाटून राहिलं होतं.

पुढल्या थंडीत आईचं बाळ जन्मतःच गेलं. ती महिनाभर उठली नाही. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, रोज अर्धा शेर दूध द्या. ते गेल्यावर तुम्ही आईच्या खाटेशी बसलात. म्हणालात, "मी मनाई करत नाही. तुझं मन सांगेल तसं कर." एवढं बोलून तुम्ही उठलात. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. थोड्या वेळानं ती मला म्हणाली, "मनाई केली असती तं बरं झालं असतं वं. मले भांडता तरी आलं असतं." मला तेव्हा ते कळलं नाही. आज या वाक्यापाशी आले की तुमच्यावरच्या रागानं पेन कागदात रुततं.

चालता येऊ लागल्यावर आई दुपारी शेण आणायच्या निमित्तानं त्याच गवळणीकडे जायची. मला सोबत न्यायची, कारण एकटीनं टोपली उचलवत नव्हती. गवळीण पितळी पेला भरून आणायची, आई गोठ्यातच उभ्यानं प्यायची आणि तोंड पुसून बाहेर यायची. "पिऊन घे बाई, इथं कोनी पाहून नाई राहिलं," गवळीण म्हणायची. तीन आठवडे असं चाललं. आईच्या ओठांना जरा रंग आला होता. मग एका संध्याकाळी गणितं सोडवताना मी तुम्हाला ते सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "खरं बोललीस, शाबास."

तुम्ही आईला एक शब्दही बोलला नाहीत. नुसते जेवला नाहीत. एक दिवस, दुसरा दिवस. पोटात अन्न नसताना शाळेत जाऊन शिकवून आलात. तिसऱ्या सकाळी आईनं ताट तुमच्यापुढे ठेवलं. "जेवा," ती म्हणाली, "आता नाई पिनार." आणि तुम्ही जेवलात. मला तेच समजत नाही. कुठल्या गोठ्यातल्या कुठल्या वासराचं त्यानं भलं झालं? त्या गाईचं दूध तर दुसऱ्या कोणाच्या घरी गेलं. आई त्या आजारातून उठली, पण पाण्याची घागर तिनं पुन्हा कधी उचलली नाही. दूध मिळालं असतं तर ती पहिल्यासारखी झाली असती का, कोण सांगणार? नक्की कळलं असतं तर एक तर तुम्हाला माफ करून टाकलं असतं, नाही तर दोषी तरी धरलं असतं.

तुम्ही असता तर हे मी टपालात टाकलं नसतं. समोर बसून बोलण्याचीही हिंमत झाली नसती, कारण तुम्ही ऐकून घेतलं असतं आणि नुसते बघत राहिला असता. त्या संध्याकाळी मी तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं, बाबा. गोठ्यात आई अर्धाच पेला प्यायची. उरलेला अर्धा ती रोज माझ्या हातात द्यायची, आणि मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. तुम्ही जेवत नव्हता त्या दोन दिवसांत ती हे कधीही सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही.