पौषातलं स्वस्त विमान

१७ ऑक्टोबर २००६

विमान, एका रुपयात! मंदाने पेपरात दोनदा वाचलं, मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. दिवाळीचा सेल. वर फ्रीज, खाली साड्या आणि मधे दाटीवाटीने बसवलेलं विमान.

मंदा म्हणजे माझी सून. या वहीत अक्षर तिचं, तोंड माझं. मी 'व्हतं' म्हणते, ती 'होतं' लिहिते — दहावी पास आहे, चालायचंच. तिच्याबद्दल वाकडं बोलले तरी तिलाच लिहावं लागतं. हे सुख सगळ्या सासवांना नाही. (हसतेय. लिही म्हटलं ना, हसतेय म्हणून.)

विमान हवंय ते हर्षालीसाठी. धाकटी लेक, बंगलोरला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरने तिला पडून राहायला सांगितलंय. प्रवास बंद. दिवस संक्रांतीच्या सुमारास भरतात. सासू नाही तिला. काल फोनवर रडली — 'आई, मला लई भीती वाटती गं.' मग माहेरानेच उठून तिकडे जायचं. माहेर म्हणजे मी. रेल्वेला कायम वेटिंग, आणि दीड दिवस बसून माझी कंबर बंगलोरला पोचेल, मी मागे राहीन.

हे ओट्यावरून म्हणाले, 'मंचरला जायला जीपवाला पाच रुपये घेतो, ते बी लोंबकळत. रुपयात विमान म्हंजे पंखाला धरून जायचं आसंल.'

'धरीन की,' मी म्हटलं. 'तुमच्यापेक्षा घट्ट धरीन.'

१९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

काढलं तिकीट! अजून हातापायांत फुलबाज्या उडताहेत.

मंचरला नूरबी बांगडीवालीच्या नातवाचं, जुबेरचं, कॉम्प्युटरचं दुकान आहे. मंदा म्हणाली, मी उटणं-पणत्या घेऊन येते, तुम्ही बसा. बसले.

जुबेर म्हणाला, 'आजी, तिकीट रुपयाचं, टॅक्स निराळा.'

'म्हंजे बांगड्या फुकट आणि भरायचे पैसे. तुझी आजी आसा धंदा करती का रे?'

'करायला लागली तर बंगला बांधू आमी.'

दिवाळीत बघितलं, स्वस्त काही नाही. लग्नाच्या तिथींना नाही. जानेवारी उघडला आणि एक रुपया, एक रुपया, एक रुपया — खालपर्यंत! मला लगेच कळलं. पौष! पौषात ना लग्न ना साखरपुडा, कोण हलतंय घरातून? खुर्च्या पडून राहतात. कांदा मार्केटात आवक वाढली की व्यापारी जसा तोंड फिरवतो, तसंच ते. जुबेर म्हणाला, 'आजी, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.'

दहा जानेवारी धरली. तेवढ्यात तो ओरडला, 'दोनच सीट राह्यल्या, नाव सांगा पटकन!' सांगितलं. त्याच्या पुण्याच्या चुलत्याच्या कार्डावरून पैसे गेले, मशीन करकरलं, कागद बाहेर.

घरी येताना मंदा म्हणते, आत्याबाई, पौषात जाणं बरं का? म्हटलं, बाळाला विचार. म्हणावं माघात ये.

दिवाळी पाडवा

ह्यांना ओवाळलं. ताटात तिकिटाचे पैसे ठेवले, घडी करून, दुसरीकडे बघत. म्हणाले, 'जाताना खिडकीतून ऊस दिसतो का बघ, आपला कुठला ते सांग.'

४ नोव्हेंबर

विहिरीवर बायकांनी विचारलं, विमानात लुगडं चालतं का? म्हटलं, चालतं, पण काष्टा उडताना घट्ट धरावा लागतो. दोघींनी खरं मानलं.

२१ नोव्हेंबर

आज काही घडलं नाही. डोक्यात फक्त विमान.

१५ डिसेंबर

डिंकाचे लाडू केले; महिनाभर टिकतात, म्हणून आधीच. मंदा पिशवी भरता भरता तिकीट वाचायला बसली. मग म्हणाली, 'आत्याबाई, झुंबर गेणू पोखरकर कोण?'

'मी. अजून कोण?'

'आवो, तुमी हिंगे!'

झालं ते असं. जुबेरने नाव, मधलं नाव, आडनाव विचारलं. मधलं म्हणजे ह्यांचं. ते मी कसं घेऊ? लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलेलं नाही. मंदा असती तर तिने कागदावर लिहून तरी दिलं असतं; तोंडाने सासऱ्याचं नाव तीही घेत नाही. सीट निघून चालली होती. बापाचं नाव घ्यायला कसली लाज? सांगितलं माहेरचं.

मतदानाच्या कार्डावर मात्र सासरचं नाव, झुंबर ______ हिंगे. (ह्यांचं नाव मंदा लिहायला निघाली होती. हात धरला. जागा सोड म्हटलं.)

फोन केला. जुबेर रडवेला. 'आजी, सेलच्या तिकिटाला नाव बदलत न्हाई. नवीन काढायचं तर…' त्याने आकडा सांगितला. त्यात दोन शेळ्या येतील, करडांसकट.

हर्षालीला सांगितलं नाही. ती रोज विचारते, आता किती राहिले?

१६ डिसेंबर

हे म्हणाले, 'इतकी वर्सं नांदली आन् तिकिटावर बाई माहेरीच!' हसले. मग शेळ्यांकडे बघत बसले. मी म्हटलं, विकायच्या नाहीत. म्हणाले, मी कुठं काय बोललो?

२८ डिसेंबर

ग्रामसेवकाने दाखला दिला — पोखरकरांची लेक आणि हिंग्यांची सून एकच बाई. विचारलं, विमानतळावर चालेल का? म्हणाला, 'आजी, माझी सही आजवर आपल्या पारगावच्या वेशीपलीकडं गेली न्हाई.'

१० जानेवारी २००७

फोनवरून सांगतेय, मंदा, नीट लिही. वही तुझ्याकडे, मी बंगलोरला!

पुण्याच्या विमानतळाच्या दारात बंदूकवाल्याने तिकीट बघितलं, कार्ड बघितलं. 'नाम अलग है, माताजी.' दाखला दिला. त्याने साहेबाला बोलावलं. साहेब मराठी निघाला. म्हणाला, 'आजी, कार्डावर मालकाचं नाव आहे. तुम्ही तोंडाने सांगा, म्हणजे कार्ड तुमचंच हे मला पटेल.'

मी म्हटलं, 'ते काय, तिकडं कठड्याला उभे हायत. त्यांनाच विचारा.'

'तुम्ही सांगा.'

'मागं रांग लई झाली, साहेब. सोडा.'

'नाव सांगा, सोडतो.'

हातात लाडवांची पिशवी. तिकडे हर्षाली एकटी पडलेली. डोळे मिटले आणि जे मनातसुद्धा हळू म्हणायचे ते बोलले. घाबरल्यामुळे फार मोठ्याने निघालं.

'भिमाजी!'

कठड्याला धरून उभा असलेला माणूस दचकला. दांडीखालून वाकून धावतच आला. टोपी हातात. 'काय गं? काय राह्यलं? लाडू राह्यले का?'

साहेब हसला, बंदूकवाला हसला, रांग हसली. 'जाऊ द्या माताजींना,' साहेब म्हणाला. 'हाकेला ओ आली की.'

काय झालं ते ह्यांना कुणी सांगितलं नाही. तसेच उभे होते, टोपी हातात.

विमानातून ऊस दिसला. सगळा एकसारखाच. आपला म्हणून एक धरला.

१३ जानेवारी

मुलगी झाली. हर्षाली बरी आहे, लाडू मागतेय.

घरी फोन केला, ह्यांनीच उचलला. मी म्हटलं, 'भिमाजी, नात झाली.' दोन्ही बातम्या एकदम ऐकून माणूस रडायला लागला. कुठल्या बातमीला, ते विचारलं नाही.