रविवारच्या चिठ्ठीबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त प्रोग्रॅमर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. होता तेव्हाही मी ऐकलं नाही, हे माझे माजी साहेब सांगतील.

१. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द. ती रागात लिहिली होती. हेही रागातच आहे, पण विचार करून.

२. रुग्णालयात खाटेशेजारी जे मॉनिटर असतात त्यांचा प्रोग्रॅम माझा. रुग्ण दाखल झाला की त्याचा ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा कप्पा, मेमरीत तयार होतो. त्याला धरून ठेवणारा प्रोग्रॅमचा दुसरा भाग उरला नाही की तो पुसला जातो. मी रुग्णाला धोक्याची घंटा धरायला लावली आणि घंटेला रुग्ण. माणूस बरा होऊन घरी गेला तरी ही जोडी एकमेकांना सोडीना. मेमरी तुंबली, नवव्या दिवशी पडदा गोठला. चूक माझीच. ती मी कबूल केली आणि सुधारलीही: घंटेला रुग्णाचा पत्ता ठाऊक असावा, तिनं त्याला धरू नये. चार ओळींचं काम.

३. साहेब म्हणाले, "बाई, चार ओळींसाठी पुन्हा सगळी तपासणी कोण करणार? दर रविवारी बंद करून चालू करा म्हणावं." तशी चिठ्ठी मॉनिटरवर चिकटली. रोग रेड्याला, औषध पखालीला! मी राजीनामा दिला. एकोणीस वर्षं दर रविवारी सहा मिनिटं त्या रुग्णांवर पडद्याची नजर नसते.

४. घर पुतणीला. ती आता मॉनिटरचा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या माझ्या जुन्या विभागाची प्रमुख आहे. परवा म्हणाली, "आत्या, चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" म्हणून अट: दुरुस्ती बसवावी, चिठ्ठी काढून वकिलांकडे द्यावी, मग किल्ली घ्यावी. माझ्यानंतर वर्षात न झाल्यास घर रुग्णालयातल्या परिचारिकांना. ती सहा मिनिटं त्या नाडी धरून उभ्या असतात. पोरी, तुझ्यावर माझा फार जीव आहे. अट तरीही सुटणार नाही.

५. झिजलेला कीबोर्ड टाकून द्यावा. आठवण म्हणून कोणी धरून बसू नये.

६. साहेबांना काहीही नाही. त्यांना साक्षीदार केलं आहे, म्हणजे वाचावं लागेल.

स्थळ: माझं जेवणाचं टेबल.
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, सकाळी सहा वाजून दोन मिनिटं. रुग्णालयातले पडदे आत्ता बंद आहेत. साक्षीदारांना मुद्दाम याच वेळी बोलावलं.

सही: मॉनिटरवाल्या बाई

साक्षीदार १: शेजारच्या दंतवैद्य
साक्षीदार २: माजी साहेब. पूर्ण वाचलं. चिठ्ठीवरचं अक्षर माझं आहे. काढायला पुतणीबरोबर मी जाईन, बाई हयात असतानाच.