मुखपृष्ठावरची चिमणी

प्रिय धाकटे शेठ,

तुझा जाडजूड अहवाल पोचला. गुळगुळीत कागद, सोनेरी कडा. पहिल्याच पानावर ‘निसर्ग आमचा सोबती’ आणि छातीवर हात ठेवलेला तुझा फोटो. लहानपणी आईने लावलेलं लिंबाचं रोप धनुष्यबाणासाठी उपटणारा तो हाच सोबती!

तुझ्यासारखे शेठ आमच्या ऑफिसात रोज येतात. कुठला उद्योग पर्यावरणपूरक म्हणायचा याचे सरकारने नियम केले. त्यात बसलं की बँक स्वस्तात कर्ज देते, म्हणून सगळ्यांना अचानक झाडांचा पुळका. आम्ही त्यांना नियम समजावतो, अहवाल तपासून देतो. नियम तसा सोपा आहे: एकीकडे धूर कमी केला म्हणून दुसरीकडे पाणी नासवायची मुभा नाही. पण शेठ लोकांना वाक्याचा पहिला अर्धाच ऐकू येतो. भावाचं काम माझ्याकडे नको, असं मी आमच्या साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, घरचंच आहे, पटकन उरकेल. त्यांचीही अक्कल तुझ्याच मापाची.

कारखाना बघायला आले तेव्हा दारात भाड्याच्या कुंड्या मांडल्या होत्यास, नर्सरीच्या चिठ्ठ्यांसकट. नवा बॉयलर खरंच चांगला आहे, ते मी लिहिलंय. मग मोठ्या कौतुकाने मागे नेलंस आणि रंगाचं पाणी शुद्ध करायच्या यंत्रापाशी उभं केलंस. टाकीत हवा सोडणाऱ्या पंख्यात चिमणीचं घरटं, आत पिल्लं. म्हणालास, बघ ताई, आमच्याकडे पाखरंसुद्धा सुखात नांदतात. अरे शहाण्या, तो पंखा दिवसरात्र फिरायला हवा! चिमणीने त्यात संसार थाटला, म्हणजे यंत्र केव्हाचं बंद आहे आणि कापड रंगवून उरलेलं पाणी तसंच ओढ्यात जातंय. तू मात्र त्याच घरट्याचा फोटो मुखपृष्ठावर छापलास. स्वतःच्या लबाडीचा फोटो हौसेने छापून घेणारा माणूस मी प्रथमच पाहिला. लबाडीपेक्षा या बावळटपणाचीच मला जास्त लाज वाटली.

एवढं सगळं फोनवर सुनावून मी मोकळी झाले असते. यंत्र सुरू करायला मुदत मागता येते, त्याचा आराखडाही तुझ्याशेजारी बसून करून दिला असता. पण काल आईचा फोन आला. ताईने सही केली नाही तर कारखान्याला टाळं लागेल, असं तू तिला सांगितलंस. साफ खोटं. कर्ज जरा महाग पडेल, इतकंच. बाबा गेल्यावरही जिने कुणापुढे पदर पसरला नाही, ती काल पोटच्या पोरीपुढे गयावया करत होती. आज ‘नियमांत बसत नाही’ असा शेरा लिहून, त्याखाली सही करून मी अहवाल बँकेकडे पाठवून दिला. त्याबद्दल हवं ते बोल मला. पण आधी आईकडे जा आणि आपण खोटं बोललो हे स्वतःच्या तोंडाने सांग. मी परोपरीने सांगून पाहिलं रे, पण तिला अजूनही तुझंच खरं वाटतं.

तुझीच,
ताई