हिरव्या ठिगळाचं चित्र

डिलाईल रोड, मुंबई
२२ एप्रिल १९६०

प्रिय जयवंत,

नमस्कार. आई बरी आहे, खोकला तेवढा चालू आहे. चाळीत एक मेची तयारी जोरात आहे. कुशाबाने जिन्याला रंग लावलाय, आणि तो वाळायच्या आत सगळ्यांच्या कपड्यांवर गेलाय. आपलं राज्य येतंय, जयवंत. यासाठी चार वर्षं घसा फोडला, त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

गिरगावच्या तुमच्या प्रदर्शनाचं आमंत्रण मिळालं. तिथलं मला सर्वांत आवडलेलं चित्र निवडायचं आणि एक तारखेला त्यावर बोलायचं. निवड मंडळींनी आधीच करून ठेवलेली दिसते. तू काढलेला 'हुतात्मा' मधोमध, आणि ध्वनिक्षेपक त्याच्याच शेजारी. हुतात्म्याच्या भावाने हुतात्म्यावर बोलायचं. छान सोय आहे.

काल आईला घेऊन गेलो. चित्रं अजून भिंतीवर चढली नव्हती. तुझं हॉलच्या मध्ये दोन खुर्च्यांना टेकवून ठेवलेलं. आई बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो कोण रे?"

"आपला रघू, आई."

"माझो रघू असो खंय होतो? छाती बघ ह्येची! ह्यो तुझ्या भाषणातलो दिसता."

प्रदर्शनाच्या चिटणीस कालिंदीबाई शेजारीच होत्या. "आजी, हे प्रतीक आहे," त्या समजावत म्हणाल्या.

"असांदे बाये. पण माका माझो झील, माझो रघू बघूचो होतो."

मग ती चित्राच्या मागे गेली आणि परत येईना. मी जाऊन पाहिलं. कापडाच्या कोपऱ्यात हिरवं ठिगळ होतं. तिचा हात त्यावर होता. "ह्यो तुकडो माझ्या लुगड्याचो," एवढंच म्हणाली. पुढच्या बाजूला कुणीतरी हार घालत होतं.

तुला आठवत नसेल, म्हणून सांगतो. कॅनव्हास घ्यायची तुझी ऐपत नव्हती, तेव्हा रघूने गिरणीतलं टाकाऊ जाड कापड तुला आणून दिलं. त्याच कापडावर तू त्याचं चित्र काढलंस, आपल्या चाळीच्या गॅलरीत बसवून. अंगात बनियन, हातात भाकरी, डावा डोळा किंचित बारीक. "मेल्या, आवर, पायाला मुंग्या आल्या," असं ओरडत होता. नंतर जिन्यातल्या खिळ्याला अडकून कोपरा फाटला, आणि आईने खळ लावून ठिगळ चिकटवलं.

त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तो गेल्यावर आईने चित्र मागितलं, तेव्हा तू म्हणालास, गळक्या छपराखाली कुजलं.

कुजलं नव्हतं. तू त्याच्यावर 'हुतात्मा' रंगवलास.

जुन्या कापडावर नवं चित्र काढणं तुम्हा लोकांत चालतं, मला ठाऊक आहे. पण ते कापड त्याने आणलेलं होतं रे. आणि खाली तोच बसला होता.

छप्पनच्या जानेवारीत पोलिसांची गोळी लागली, तेव्हा त्याच्या हातात झेंडा नव्हता. तो नायगावला आईचं औषध आणायला निघाला होता, हातात औषधाची रिकामी बाटली होती. झेंडा मी दिला, सभेतल्या भाषणात. टाळ्या पडल्या. तू समोरच बसला होतास.

तर मी निवड केली आहे. मला आवडलेलं चित्र तुमच्या हॉलमध्येच आहे, तुझ्या रंगाखाली. का आवडतं, ते सांगायला मला व्याकुळ होऊन बोलावं लागणार नाही. त्यात माझा भाऊ भाकरी खातोय, एवढंच.

वरचा रंग उतरवून खालचा चेहरा निघतो का, ते तूच जाणशील. निघत असेल तर लगेच सामान घेऊन ये, प्रदर्शनवाल्यांचं मी बघतो. निघत नसेल, तरी ये. आई गॅलरीत, त्याच जागी बसते. चेहरा निघत नाही, हे तिला तू सांग. मी सांगणार नाही. माझं बोलणं तिला आता खरं वाटत नाही.

रघूचा भाऊ,
सीताराम