गड्डा न धरणारा कोबी

सेक्टर २२, चंदीगड
जानेवारी १९८८

प्रिय शैलजा,

अनेक आशीर्वाद. तुझा ट्रंक कॉल येऊन गेला त्याला बरेच दिवस झाले आणि मी अजून दोन ओळींचं उत्तरही धाडलं नाही, त्याबद्दल राग मानू नकोस. मी चौथी शिकलेला माणूस. मनातलं कागदावर उतरेपर्यंत वाकडं होतं, म्हणून आज नको, उद्या लिहू, असं करत राहिलो. तिळगूळ पोचला. वड्यांचा पार चुरा झाला होता, पण नयनाने तो चमच्याने खाल्ला आणि डबा चाटून ठेवला. थंडी फार आहे. धुक्यामुळे समोरचं घर दिसत नाही आणि बोटं वळत नाहीत. अक्षर त्यामुळे असं आलंय, तब्येतीची काळजी करू नकोस.

आधी तुझ्या मनातलं लिहितो. तुझ्या काकाची लीना दिवाळीनंतर इथे राहून गेली आणि गडहिंग्लजला येऊन तिने तुला सांगितलं, की सुरेशच्या बायकोने सासऱ्याला गॅसपाशी जुंपलंय, म्हातारा कमरेला फडकं बांधून खिमा परततो आणि सून नोकरीवरून येऊन आयतं खाते. त्यावर तू ठरवलंस की नरेशरावांना पाठवून मला तिकडे न्यायचं. लीना खोटं बोलली नाही. फडकं मी बांधतो, खिमाही परततो. पण ती यायच्या आधी इथे काय चाललं होतं ते तिला ठाऊक नाही, ते तुला सांगतो.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. जन्म एसटीच्या डेपोत गेला, तेव्हा गाडी उशिरा आली की तिचं काय काय झालेलं असू शकतं हे मला जरा जास्तच कळतं. इथे सुरेश ऑडिटच्या कामाला आठवडा आठवडा भटिंडा-फिरोजपूरकडे असतो, आणि सुनेत्राची बँक इंडस्ट्रियल एरियात. ती बसने स्टँडवर उतरते आणि तिथून चालत येते. अंधार पडला की इथला बाजार मिटतो. अतिरेक्यांच्या धास्तीने नाक्यानाक्यावर तपासणी, अधूनमधून बंद. मागच्या हिवाळ्यात मी रोज दुपारी चहा झाला की मफलर गुंडाळून फाटकाशी जाऊन उभा राहायचो ते थेट ती दिसेपर्यंत. नयना शाळेतून येऊन आत एकटी बसायची, तिच्याकडेही लक्ष नसायचं. आणि सुनेत्रा एकदाची आली की पहिलं काय, तर मी तिच्यावर ओरडायचो, इतका उशीर का म्हणून. जसं काही बस तीच चालवत होती. दोनदा ताप काढला, खोकला तर उन्हाळ्यापर्यंत गेला नाही.

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, की तात्या, तुम्ही काळजी करू नका. ते तुझी आई आयुष्यभर म्हणाली आणि त्याचा काय उपयोग झाला ते तू पाहिलंस. सुनेत्रा तसं कधी म्हणाली नाही. या हिवाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी माझं फाटकाशी तिच्यावर ओरडून झालं, तेव्हा तिने आत येऊन पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "तात्या, मला घरात पाऊल टाकल्या टाकल्या भूक लागते. मी येईपर्यंत तुम्ही काहीतरी करून ठेवाल का?" मी म्हटलं, मला चहासुद्धा धड येत नाही. तुझ्या आईने मला स्वयंपाकघरात कधी पाण्याच्या तांब्यापलीकडे जाऊ दिलं होतं का? त्यावर ती म्हणाली की मलाही लग्नाआधी येत नव्हतं, आणि हात धुवायला गेली.

आता त्या कोबीची गंमत ऐक. आमचे घरमालक हरभजनसिंगजी. त्यांची मुल्लानपूरला शेती आहे. त्यांनी मला तिथली रोपं आणून दिली आणि म्हणाले, गोभी जैसा ही है जी, लगा लो. मी मागच्या अंगणात ओळीने लावली. शेणखत घातलं, रोज पाणी. पानं ही अशी हिरवीगार, कुरळी, पण गड्डा काही धरेना. मला झोप येईना. वाटलं खत जास्त झालं, मग वाटलं थंडी सोसत नाही. शेवटी एके सकाळी बसून मी एकेका झाडाची पानं गोळा केली आणि सुतळीने बांधून टाकली, फ्लॉवरची बांधतात तशी. आमच्या वर पद्मिनीबाई राहतात, त्यांचे मिस्टर एअर फोर्समध्ये आहेत, मूळच्या साताऱ्याच्या. त्या गॅलरीतून हे बघत होत्या. हसून हसून त्यांना कठडा धरावा लागला. म्हणाल्या, "अहो तात्या, सोडा त्यांना. तो कोबी नाही, लेट्यूस आहे. तो जन्मात गड्डा धरत नाही, असा उघडाच वाढतो." नयनाने ते शाळेत सगळ्यांना सांगितलं. अजून तिच्या मैत्रिणी आल्या की अंगणात जाऊन बघतात, आजोबांनी आज कोणाला बांधलं म्हणून.

या पद्मिनीबाई शिलाँगला होत्या तेव्हा तिथल्या एका चिनी बाईकडून या पानांत खिमा गुंडाळून खायला शिकल्या. त्यांनीच मला शिकवलं. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार चालत नाही आणि इथले खाटीक मंगळवारी दुकान बंद ठेवतात. तेव्हा उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी सुनेत्रा घरी असते, बाकीचे दोन वार माझे. खिमा दोनदा यंत्रातून काढून आणायचा, म्हणजे लवकर शिजतो. कढई चांगली तापवायची. तेलात लसूण, आलं, हिरवी मिरची, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. मग खिमा, आणि गॅस मोठाच ठेवून सारखं परतायचं, पाणी आटून तो मोकळा होईपर्यंत. त्यात सोया सॉस घालायचा. काळं पाणी असतं, मी आधी वास घेतला तर वाटलं वैद्याचा काढा आहे. थोडं व्हिनेगर, चिमूटभर साखर, कॉर्नफ्लॉवरचं पाणी. वरून कांद्याची पात आणि दाण्याचं जाडसर कूट. पानं गार पाण्यात टाकून, निथळून, पंच्यावर पसरून ठेवायची. हातावर पान घ्यायचं, त्यात खिमा घालायचा, दुमडायचं, की तोंडात. पोळी नाही, भात नाही. नयनाचा गृहपाठ संपतो तोवर माझं सगळं तयार. पहिल्या वेळी मला ते फारच मिळमिळीत वाटलं, म्हणून मी गुपचूप आपली कांदा-लसूण चटणी दोन चमचे टाकली. पद्मिनीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण वाटी पुन्हा पुढे केली. तेव्हापासून तीच रीत पडली. नयना म्हणते, आजोबा, और दो. मी म्हणतो मराठीत माग. मग म्हणते, आजोबा, और द्या.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी गावात काहीतरी झालं आणि बसेस थांबवल्या. मी लसूण तेलात टाकला होता. सुनेत्राची वेळ टळली तसे माझे पाय आपोआप फाटकाकडे निघाले. पुढचं सांगायला नको, मनात काय काय आलं. पण आतून नयना ओरडली, "आजोबा, जल रहा है!" मी धावत आत गेलो. लसूण कोळसा झाला होता. पुन्हा सोलायला घेतला, पुन्हा चिरला. कान फाटकाकडे होते, पण काम बोटांचं होतं, बोटांकडे बघावं लागत होतं. खिमा होत आला तेव्हा हरभजनसिंगजींची स्कूटर फाटकाशी थांबली. ते स्टँडकडे गेलेच होते, तिथे सुनेत्रा दिसली म्हणून घेऊन आले. ती चपला न काढता तशीच दारात आली. मी पानात खिमा भरून तिच्या हातावर ठेवला. तिने खाल्लं, डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "तात्या, आज तिखट कमी पडलंय." सरदारजींनीही उभ्याउभ्याच खाल्लं. शैलजा, तुझी आई गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मी अजून घाबरतो. पेपर वाचत नाही, नयनाकडून फक्त हवामान वाचून घेतो. पण खोकला नाही, ताप नाही, वजनही वाढलंय.

आता हे पत्र कशासाठी लिहायला घेतलं ते. तुझा फोन पद्मिनीबाईंच्या घरी आला आणि सुनेत्रा वर जाऊन बोलली. खाली आल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, की ताई तुम्हाला बोलावताहेत, नरेशराव न्यायला येतील. बाकी काही नाही. पण तू ट्रंक कॉलवर जितक्या मोठ्याने बोलायला लागतं तितक्या मोठ्याने बोललीस, आणि तू तिला जे सुनावलंस ते पद्मिनीबाईंना पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. त्यांच्याकडून मला कळलं. सुनेत्रा सगळं ऐकून घेऊन "हो ताई" एवढंच म्हणत राहिली म्हणे. त्या रात्री तिने माझी ट्रंक माळ्यावरून काढली. माझे स्वेटर धुऊन, वाळवून, घडी करून तिच्यात ठेवले. ट्रंक अजून दाराशी आहे. राहा असं ती म्हणणार नाही, कारण लेकीचा हक्क आधी असं तिला वाटतं. आणि मी जात नाही असं मला तिला परस्पर सांगायचं नाही, कारण मग ती तुझ्यासमोर कायमची अपराधी होईल. म्हणून तुला सांगतो. मला इथेच राहायचंय. नरेशरावांना एकट्याला पाठवू नकोस, तूही त्यांच्याबरोबर ये, आणि बुधवारी किंवा शुक्रवारी माझ्या हातचं खाऊन जा. ही पानं होळीपर्यंतच टिकतात, ऊन तापलं की झाड उंच जातं आणि पान कडू होतं. म्हणून लवकर कळव. आणि एवढं माझं ऐक, पत्र माझ्या नावाने नको, सुनेत्राच्या नावाने घाल. दोनच ओळी लिही, पण तिला लिही. ती ट्रंक मलाही माळ्यावर टाकता येईल, पण ती तिनेच टाकावी असं मला वाटतं. पोस्टमन दुपारी येतो, हल्ली त्या वेळी मी फाटकाशी असतो.

तुझाच,
तात्या