ड्रॅगनचं शेपूट

पिनांग, मलेशिया

अब्बांना अंजुमचा सलाम,

मी मजेत आहे, जेवण मानवलंय. अम्मीचा गुडघा कसा आहे?

काल इथल्या शिबिरात म्हाताऱ्या गुरूंनी प्रत्येकाला आपल्या कुंग फूची वंशावळ विचारली. क्लासमध्ये हारुनसरांनी पाठ करून घेतलेली सगळी चिनी नावं मी ताठ मानेनं सांगितली. मग काठीचे हात केले.

गुरू म्हणाले, "उभं राहणं आमचं, लाथा जपानी. काठी मात्र आमची नाही. आणि डावा पाय का ओढतेस?"

"ते ड्रॅगनचं शेपूट," मी म्हटलं. सर तेच सांगतात.

ते हसले. "कुणीतरी लंगडा माणूस शिकवत होता, पोरी. शिकणाऱ्यानं लंगडणंही उचललं."

अब्बा, टेम्पोवरून पडल्यापासून डावा पाय तुम्ही ओढता. मोहरमच्या आखाड्यात सर तुमच्याकडेच काठी शिकले ना? क्लासच्या भिंतीवर चार चिनी फोटो आहेत, तुमचा एकही नाही.

सरांचा राग आलाच, पण तुमचा जास्त. दहा वर्षं ओट्यावर बसून माझा सराव बघितलात. विचारलं की म्हणायचात, "माले काय समजस त्यामा?"

उद्या पुन्हा करून दाखवायचंय. हे पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय; पाय ओढू की नको, तेवढं आजच फोनवर सांगा.

तुमचीच शागीर्द, जिला तुम्ही कळू दिलं नाहीत,
अंजुम